एक तरी चालता आर्माडिलो

अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या आसपास सुरुवातीला मी जेवढे आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेले मांजराएवढे प्राणी, पाहिले ते सगळे उताणे होते. हायवेच्या कडेला, चारही पाय वर, पोट फुगलेलं. गाडी सत्तर मैलांच्या वेगात असल्यामुळे "अगं, ते काय होतं?" म्हणेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं. बहीण म्हणायची, "ताई, बघू नकोस, घाण आहे." आणि पुढच्या एक्झिटला आउटलेट मॉल.

धाकटी बहीण ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहते. तिच्या आग्रहाखातर मी ऐन आंब्याच्या दिवसांत चिपळूण सोडून गेले, हे तिने विसरू नये. पाहुणचारात कसर नव्हती, उलट जास्तच. नासाचं स्पेस सेंटर, स्टॅफर्डचं संगमरवरी स्वामिनारायण मंदिर, सॅन अँटोनियोचा रिव्हरवॉक, सगळं झालं आणि छानही होतं. पण सगळं एसीतून एसीत. पायी चालायचं ते पार्किंगपासून दारापर्यंत. दमट हवेची भीती मला घालून उपयोग काय? आम्ही कोकणातली माणसं.

माझं डोकं फिरलं ते गिफ्ट शॉपमध्ये. टी-शर्टवर आर्माडिलो, मगवर आर्माडिलो, काउबॉयची टोपी घातलेला कापूस भरलेला आर्माडिलो. 1995 पासून हा टेक्सस राज्याचा अधिकृत छोटा सस्तन प्राणी आहे, मोठा म्हणजे लाँगहॉर्न बैल. मेहुण्यांना विचारलं, "जिवंत पाहिलाय कधी?" ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं झाली, पण रस्त्यावरचेच." राज्याचा मानाचा प्राणी, आणि लोकांना ठाऊक तो मेल्यावर!

तो का मरतो, तेही विचित्र आहे. दचकला की हा प्राणी जागच्या जागी तीन-चार फूट उभी उडी मारतो. रानात मांजरवर्गातलं जनावर अंगावर आलं तर ते गोंधळतं, आणि हा निसटतो. गाडी मात्र वरून निघून गेलीही असती, पण हा उडतो आणि नेमका बंपरवर आपटतो.

मध्ये टेक्ससच्या हिल कंट्री या डोंगराळ भागाची सहल झाली. त्यातली वाइनरी वगैरे मी सोडून देते. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात एक टोपली दिसली. आर्माडिलोचं अख्खं कवच उलटं करून आत फिकट गुलाबी रेशमाचं अस्तर शिवलेलं, आणि शेपूट वाकवून तोंडात अडकवलेली, तीच टोपलीची कडी. कान तसेच, वाळून कागद झालेले. तिथून जवळच्या कम्फर्ट नावाच्या गावात चार्ल्स आपेल्ट या गृहस्थाने 1898 च्या सुमारास असल्या टोपल्या करायला सुरुवात केली. त्याचा चक्क आर्माडिलो फार्म होता आणि तो 1971 पर्यंत चालला. लोक म्हणे यात शिवणकामाचं सामान ठेवत. मी आत बोट फिरवून पाहिलं. कवच हाडाचं, त्यावर शिंगासारखा पातळ थर, आणि मधले पट्टे कातडीने जोडलेले, पेटीच्या भात्यासारखे. बहिणीने लगेच सॅनिटायझर काढला. "कुष्ठरोग होतो त्याने!"

इथे आमचं वाजलं. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जिवंत आर्माडिलोत कुष्ठरोगाचे जंतू सापडतात. त्याच्या शरीराचं तापमान साधारण 34 अंश, म्हणजे आपल्यापेक्षा कमी, आणि ते या जंतूंना मानवतं. म्हणून तर 1970 च्या दशकापासून संशोधनासाठी हे जंतू आर्माडिलोतच वाढवले गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या काही रुग्णांचा संबंध आर्माडिलोशी लागलाही आहे. पण आर्माडिलोत सापडणारे हे जंतू अमेरिका खंडात आणले माणसांनी, आर्माडिलोला ते आपल्याकडून मिळाले. बहुतेक माणसांना हा रोग होतच नाही, आणि झाला तर औषधाने पूर्ण बरा होतो. भारतात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. वरोऱ्याच्या आनंदवनाला वर्गणी पाठवणाऱ्या घरातल्या आम्ही दोघी, आणि तू शंभर वर्षांपूर्वीच्या वाळक्या टोपलीला घाबरतेस? मेहुणे शांतपणे आइस्क्रीम आणायला गेले. हुशार माणूस.

शेवटी मी हट्टच धरला, आणि एका शनिवारी आम्ही ब्राझोस बेंड स्टेट पार्कला गेलो. शुगर लँडहून गाडीने तासाच्या आत. शनिवार-रविवारी गर्दीमुळे प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, ती भाच्याने फोनवर केली. दुपार वायाच गेली: सगळे टूरिस्ट एल्म लेकच्या काठावर मगरींचे फोटो काढत होते. मगरी म्हणजे अ‍ॅलिगेटर, ओंडके पडावेत तशा पडलेल्या, तीस फूट लांब राहा अशी सूचना. बार्बेक्यूचा धूर, लहान मुलांची रडारड, स्पीकरवर गाणी. पार्कात स्पीकर आणणाऱ्यांना वेगळं तिकीट लावावं, हे माझं मत तिथेही कायम राहिलं.

सात वाजून गेल्यावर गर्दी पांगली. मेअखेरीला तिथे सव्वाआठला सूर्य मावळतो आणि उन्हाळ्यात आर्माडिलो त्याच सुमाराला बाहेर पडतात. ओकच्या झाडांखालच्या वाटेवर आधी आवाज आला. एवढ्याशा जनावराचा इतका आवाज? पाचोळ्यात कोणीतरी जाड माणूस चालतोय असं वाटलं. मग तो दिसला. मांजरापेक्षा थोडा मोठा, करडा-तपकिरी, लांब सोंडका, सशापेक्षा आखूड पण तसेच उभे उघडे कान. नाक मातीत खुपसायचा, फुरफुरायचा, पुढच्या नख्यांनी चार फटक्यांत खड्डा करायचा, काहीतरी मटकवायचा आणि पुढे. वारा आमच्या तोंडावर होता, त्यामुळे त्याला आमचा पत्ताच नाही. नजर अधू, सगळी भिस्त वासावर.

भाचा पुटपुटला, "मावशी, नऊ मोज." मी मोजायचा प्रयत्न केला, पण ते हलत होतं. नाव नऊ पट्ट्यांचा असलं तरी पट्टे सात ते अकरा असू शकतात. तेवढ्यात ते माझ्या बुटापाशी आलं. अगदी बुटापाशी. लेसवर नाक टेकवलं. कवचाच्या कडेखालून पोटाचे विरळ, राठ केस दिसत होते, आणि उजव्या कानाला एक जुनी चीर होती. मग ते शेपटीचा आधार घेऊन मागच्या पायांवर उभं राहिलं, हवेत हुंगलं, आणि उडी! खरंच, सरळ वर. बहीण किंचाळली. धूम ठोकून ते झुडपात घुसलं. बॉल वगैरे झालं नाही: तसा गोल होणारा तीन पट्ट्यांचा, दक्षिण अमेरिकेतला.

परतताना भाच्याला सांगत होते की आपल्याकडच्या खवले मांजराचा याच्याशी काही संबंध नाही. खवल्याचे खवले नखाच्या द्रव्याचे, आणि तो कुत्र्या-मांजरांच्या जवळचा. आर्माडिलोचे सख्खे म्हणजे स्लॉथ आणि मुंगीखाऊ, सगळे मूळ दक्षिण अमेरिकेचे. टेक्ससमध्ये याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, रिओ ग्रांदेच्या काठाने. पोटात हवा भरून तो नदीवर तरंगतो, नाहीतर श्वास रोखून तळावरून चालत जातो. आता नेब्रास्का, इलिनॉयपर्यंत पोचलाय; अंगात चरबी कमी, त्यामुळे पुढे थंडीच त्याला अडवते. एका अंड्यातून चार सारखी पिल्लं होतात, हे भाच्याला सर्वांत आवडलं. मग त्याने फोनवर शोधून मलाच शिकवलं: अलीकडे डीएनए तपासून या एका जातीच्या चार केल्यात, आणि इथला आता डॅसिपस नोव्हेमसिंक्टस नाही, डॅसिपस मेक्सिकॅनस. लिनियसने 1758 मध्ये ठेवलेलं नाव माझ्या पिढीपर्यंत टिकलं आणि त्याच्या पिढीत गेलं.

मेहुणे मात्र घरापर्यंत तीसच्या वेगाने आले. मागून हॉर्न वाजत होते, तरी.

बहिणीने माझे बूट गॅरेजमध्येच काढायला लावले आणि त्यांच्यावर अर्धी बाटली फवारली. मी काही बोलले नाही. सकाळी पोहे तिच्याच हातचे खायचे होते.