बूमच्या चिकणमातीवर चार रात्री

बेल्जियममधलं बूम हे गाव अँटवर्प आणि ब्रसेल्सच्या मधे, रुपेल नदीच्या काठावर आहे. टुमॉरोलँड या जुलैत भरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवाने त्याला जगभर नाव मिळवून दिलं, पण त्याआधी कित्येक पिढ्या हे विटांचं गाव होतं. महोत्सव भरतो ते दे स्खोरे उद्यान मातीच्या जुन्या खाणींच्या जागेवरच आहे. भूगर्भशास्त्रात इथल्या थराला 'बूम क्ले' असंच नाव आहे. ड्रीमव्हिलमध्ये, म्हणजे महोत्सवाच्या तंबूतळावर, स्वतःचा तंबू घेऊन राहणार असाल, तर कलाकारांच्या वेळापत्रकाआधी ही माती समजून घ्या.

चिकणमाती पाणी पटकन पीत नाही. तासभर पाऊस पडला की पाणी वरच साचतं आणि हजारो पावलांखाली त्याचा राडा होतो. उलट आठवडाभर ऊन पडलं की हीच जमीन विटेसारखी कडक होते. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या कडक जमिनीत वाकतात आणि भिजलेल्या जमिनीतून सुटून येतात. त्या घरीच ठेवा. अॅल्युमिनियमच्या, Y आकाराच्या, १८ ते २३ सेंटिमीटर लांबीच्या दहा-बारा खुंट्या आणि एक रबरी हातोडी घ्या. विमानाने जात असाल तर हे सगळं चेक-इन सामानात टाका. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं, म्हणजे ओढ दोराची असते आणि खुंटी तिला आडवी धरून ठेवते. सरळ उभी ठोकलेली खुंटी पहिल्याच वाऱ्यात वर सरकते.

तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर आत दुमडा. कडा बाहेर राहिली की तंबूवरून ओघळणारं पाणी तिच्यावर जमतं, तळाखाली जातं आणि पहाटे स्लीपिंग बॅग ओली लागते. तंबू गळतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा चूक या ताडपत्रीचीच असते. सह्याद्रीत कातळावर किंवा मुरमावर पाणी लगेच वाहून जातं, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना ही सवय नसते.

जागा निवडताना तसूभर का होईना, उंचवटा बघा. स्वच्छतागृह आणि मुख्य वाट या दोन्हींपासून थोडं आत राहा, कारण रात्रभर वर्दळ असते आणि अंधारात लोक दोरांना अडखळतात. दोरांना रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधा. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा तंबूची पाठ त्या बाजूला करा. नायलॉनचं कापड भिजलं की सैलावतं, म्हणून संध्याकाळी दे स्खोरेकडे निघण्यापूर्वी सगळे दोर पुन्हा ताणा. हे दोन मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर बाहेरचं कापड आतल्याला चिकटतं आणि तिथून ओल आत येते.

पाऊस नसतानाही आतून थेंब पडतात, ते आपल्याच श्वासाचे. दोन माणसं एका रात्रीत श्वास आणि घामातून अर्धा लिटर ते एक लिटर पाणी बाहेर टाकतात. थंडी वाजते म्हणून झरोके बंद केले की हे पाणी कापडावर जमतं. झरोके उघडेच ठेवा आणि ऊब खालून मिळवा. जुलैतही रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. हवा भरायची जाड गादी मऊ असते, पण आतली हवा खेळती राहून पाठ गार पडते. त्यापेक्षा आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारवा अडवण्याची क्षमता) २ च्या आसपास असलेली चटई आणि १० अंश कम्फर्ट रेटिंगची, म्हणजे तेवढ्या थंडीत आरामात झोपता येईल अशी, स्लीपिंग बॅग पुरते.

झोप मुळात कमीच मिळते. मध्यरात्रीनंतर परतायचं आणि सहाच्या आत उजाडतं. ऊन असलं तर आठ-नऊला तंबूत बसवत नाही. डोळ्यांवर पट्टी हवीच.

आता कान. हा भाग कृपा करून हलक्यात घेऊ नका. बूम ज्या प्रांतात येतं त्या फ्लँडर्सच्या नियमांत आवाजाची एका तासाची सरासरी १०० डेसिबलपर्यंत चालते. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. तुम्ही तिथे रोज आठ-दहा तास असणार! फोमचे बोळे फुकट मिळतात, पण ते वरच्या पट्ट्या जास्त कापतात, मग गाणं घुसमटल्यासारखं वाटतं आणि लोक ते काढून टाकतात. १८ ते २० डेसिबल कमी करणारे फिल्टरवाले इअरप्लग संगीतासाठी चांगले. फोमचे झोपेसाठी ठेवा. ते बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. अर्धवट बसलेला बोळा जवळपास निरुपयोगी असतो.

पॉवर बँक २०,००० एमएएचची घ्या. ती ७४ वॅट-तासांची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत, पण केबिन बॅगेतच ठेवावी लागते. ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर साधारण तीनदा पूर्ण चार्ज होतो. गर्दीत फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते, म्हणून मंचासमोर असताना एअरप्लेन मोड लावा. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवलेली असावी.

भारतातून खाऊ नेताना एक लक्षात असू द्या: युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, तूप, दुधाची पावडर घरीच राहू दे. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की चालते आणि टिकते. ओआरएसची आठ-दहा पाकिटं घ्या. नळाचं पाणी पिण्यालायक असतं.

महोत्सव संपल्यावर सोमवारी सकाळी आवरताना तंबू दवाने ओला असतो. खुंट्यांवरची माती लगेच पुसू गेलात तर फक्त पसरते. त्या वेगळ्या पिशवीत टाका, वाळल्यावर माती आपटून निघते. बाहेरचं कापड आणि ताडपत्री आतल्या कापडापासून वेगळी बांधा. मुक्कामी पोचताच, दोन दिवसांच्या आत, सगळं उलगडून वाळवा. घडीत राहिलेल्या ओलीने कापडाला बुरशी येते, मग शिवणीवरची टेप सुटते, आणि पुढच्या पावसात तंबू खरोखरच गळतो.