उघड्यावरच्या लाकडी डेकसाठी लेप निवडताना

आमच्या घरामागच्या डेकच्या फळ्या प्रक्रिया केलेल्या पाइनच्या आहेत. उन्हापावसात त्यांचा पिवळसर रंग उडून त्यांवर राखाडी छटा चढली, तेव्हा त्यांना कोणता संरक्षक लेप द्यावा हा प्रश्न माझ्यासमोर आला. ही छटा म्हणजे निव्वळ मळ नव्हे. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विघटित होते, पावसाचे पाणी ते धुऊन नेते आणि वर सेल्युलोजचे फिकट, सैल तंतू उरतात. एवढ्याने फळी कमकुवत होत नाही. खरा धोका ओलाव्याचा असतो, कारण लाकडातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

पॉलिशचे काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिरांना मी सल्ला विचारला. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “दार असतं तर मी डोळे झाकून वार्निश सांगितलं असतं. पण यावर पाय पडणार, पाणी साचणार. लेप किती टिकतो ते सगळेच विचारतात. तो जाताना कसा जातो, ते आधी बघा.” पुढची सगळी निवड मी याच प्रश्नावर केली.

डेकच्या कामातून उरलेले तुकडे माझ्याकडे होते. त्यांपैकी एकाला मी वार्निश दिले, दुसऱ्याला जवसाचे उकळलेले तेल आणि तिसऱ्याला रंगद्रव्य असलेला, लाकडात मुरणारा तेलाधारित स्टेन. प्रत्येक तुकड्यात एक स्क्रू बसवून तिन्ही तुकडे उघड्यावर आडवे ठेवले आणि काही महिने त्यांना हात लावला नाही.

सुरुवातीला वार्निशचा तुकडा सर्वांत देखणा होता, हे मान्य केले पाहिजे. पण लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाने आकसते, आणि वरच्या कडक पापुद्र्याला ती हालचाल फार काळ झेपत नाही. स्क्रूच्या डोक्याभोवती केसासारखी बारीक चीर पडली, तिच्यातून पाणी आत गेले आणि भोवतालचा लेप पांढुरका होऊन उचलला गेला. नखाने पोपडा काढून पाहिला, तर दोन दिवस पाऊस नसतानाही खालचे लाकूड ओलसर आणि काळपट होते. म्हणजे चिरेतून आत गेलेले पाणी त्या लेपाने सहजासहजी बाहेर पडू दिले नव्हते. शिवाय असे वार्निश नव्याने द्यायचे, तर आधीचे सगळे खरवडून काढणे आले, आणि अख्ख्या डेकवर ते करण्याची माझी तयारी नव्हती.

जवसाच्या तेलाचे पोपडे निघाले नाहीत, पण त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठले. हे तेल बुरशीला खाद्य पुरवते. त्यात रंगद्रव्य नसल्याने ऊनही अडले नाही. पारदर्शक लेपांची अडचण बहुधा हीच असते. स्टेनमधील आयर्न ऑक्साइडचे बारीक कण मात्र किरण लाकडापर्यंत पोहोचण्याआधीच बरेचसे अडवतात. तिसऱ्या तुकड्याचा रंग थोडा विटला होता आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पूर्वीसारखा गोल न राहता हळूहळू जिरत होता. पण कुठेही पोपडा नव्हता आणि चीरही नव्हती. माझा निर्णय तिथेच झाला. रंग अगदी गडद घेतला नाही, कारण गडद फळ्या उन्हात जास्त तापतात आणि आम्ही तिथे अनवाणी वावरतो.

पूर्वतयारी कंटाळवाणी होती. फळ्या घासून धुतल्या, खिळ्यांभोवतीचे लोखंडाचे काळे डाग हातमोजे व चष्मा घालून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने काढले आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुतले. वाळल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. त्याहून बारीक पेपरने पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की स्टेन नीट मुरत नाही. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्याचे मीटरवर पाहूनच ब्रश हातात घेतला.

ऊन थेट फळ्यांवर नसताना, एका वेळी दोन-तीन फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रंगवल्या. मध्येच थांबल्यास जोडाचे पट्टे दिसतात. फळ्यांच्या कापलेल्या टोकांवर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवावा लागला, कारण लाकूड तिथून सर्वाधिक पाणी पिते आणि स्टेनही. सुमारे पंधरा मिनिटांनी वर राहिलेला स्टेन कापडाने पुसला. तो तसाच राहिला तर चिकट थर बनतो, आणि मग वार्निशचेच दुखणे ओढवते. तेलाने भिजलेली ती कापडे बोळा करून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी ती पाण्यात बुडवून, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

आता पायऱ्यांजवळच्या, सर्वाधिक वर्दळीच्या फळ्यांचा रंग इतरांच्या आधी उतरतो. तिथे पाणी जिरू लागले की तेवढ्याच फळ्या धुऊन, वाळवून त्यांना स्टेनचा एक पातळ हात देतो. खरवडावे काहीच लागत नाही. नव्याने स्टेन दिलेल्या फळ्यांची छटा शेजारच्या फळ्यांपेक्षा किंचित गडद दिसते खरी, पण मला तो फरक चालतो.