ऑडिशन रूममध्ये शेवटची रांग नसते (माझा अनुभव)

ठाण्यात एकांकिका करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, "मग एनएसडीचं काय?" मला विचारलं तेव्हा मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि एनएसडी, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, हे दिल्लीतलं काहीतरी भारी प्रकरण एवढीच माझी माहिती. घरी विषय काढला तर बाबा म्हणाले, "यातून पुढे काय?" आणि आई म्हणाली, "राहणार कुठे?" खरं सांगू का, आईचाच प्रश्न जास्त कामाचा निघाला.

कारण एनएसडीचा डिप्लोमा 3 वर्षांचा, तिथेच राहायचं, स्कॉलरशिप मिळते, पण नुसती हौस चालत नाही, पदवी लागते, शिवाय किमान 6 नाटकांत काम केलेलं असावं लागतं. पुण्याचं एफटीआयआय, म्हणजे सिनेमाची सरकारी संस्था, मी लगेच कट केलं, तिथे अभिनय कॅमेऱ्यासाठी शिकवतात आणि मला स्टेजच हवं होतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र मनापासून आवडलं होतं पण बारावीनंतरच गेले असते तर मजा होती, आणि पुण्यात रूम घेऊन राहायचा खर्च वेगळाच. मग कलिना. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, 2003 ची, 2 वर्षांचा मास्टर्स, आणि वर्तकनगरहून रोज जाऊन येऊन करता येतो. वेबसाइटवर सगळेच छान दिसतात हो, मी तिथल्या मुलांची नाटकं जाऊन बघितली, कोण भारी करतंय यापेक्षा मागे उभी असलेली पोरं काय करतायत ते बघत बसले. तीही जिवंत होती, म्हणून तिथलाही फॉर्म भरला.

कागद जमवणं हे स्वतंत्र नाटक आहे. स्पर्धांची सर्टिफिकेटं होती, पण एक ग्रुप तर बंदच पडलेला, त्याच्या दिग्दर्शक दादाला शोधून काढलं तेव्हा तो नोकरीला लागलेला, बिचाऱ्याने लंच ब्रेकमध्ये पत्र लिहून दिलं.

एनएसडीच्या तयारीत मला सगळ्यात जास्त छळलं हिंदीने, स्वगत हिंदीत करणार होते ना. आपल्याला वाटतं आपलं हिंदी मस्त आहे, रिक्षावाल्याशी बोलतोच की! आमच्या मजल्यावरच्या भाभी मूळच्या लखनौच्या, त्यांना स्वगत ऐकवलं तर त्यांनी पहिल्या वाक्यालाच थांबवलं. "जाना" मधला ज मी मराठीतल्या "जातो" सारखा दातांपाशी काढत होते, "चावल" चा च "चावणे" सारखा, आणि "और" चं सरळ "अऊर". मग रोज संध्याकाळी त्या भाजी निवडणार आणि मी समोर बसून तीच वाक्यं म्हणणार. घरी आवाज चढला की खालचे काका बेल वाजवायचे म्हणून मोठ्याने म्हणायला उपवन तलावावर जायचे, तिथे तसंही कोणी ना कोणी रील बनवत असतं, तुमच्याकडे ढुंकून बघत नाही.

एनएसडीची पहिली फेरी मुंबईतच होती. मी गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, एकांकिकेची सवय ती, आणि समोरचे लोक बसलेले चार पावलांवर. त्यातल्या एका मॅडमनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, आता हेच सगळं बोल, पण खाली बसून, तांदूळ निवडता निवडता, आणि बाजूला तुझं बाळ झोपलंय असं समज. शब्द तेच, पण आवाज काढायची सोयच राहिली नाही. सुरुवातीला नुसते हात हलत होते, मग एक खडा सापडल्यासारखा मी तो बाजूला टाकला आणि तेवढ्यात पुढचं वाक्य आपोआप हळू आलं, जिथे मी इतके दिवस ओरडत होते तिथेच. मग गप्पा. शेवटचं नाटक कुठलं बघितलं, त्यात काय नाही आवडलं. इथे गोड गोड उत्तर देऊ नका, आवडलं नाही तर का नाही ते धड सांगता आलं पाहिजे.

तिथून दिल्लीच्या वर्कशॉपचं बोलावणं आलं. सकाळपासून शरीराचं काम, आवाज, इम्प्रोव्हायझेशन, देशभरातली पोरं, मणिपूरचा एक मुलगा तर एक शब्द न बोलता अख्खा सीन खाऊन गेला. फायनल लिस्टमध्ये माझं नाव नव्हतं. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

कलिनाला झालं. तिथे मराठीत स्वगत म्हणायचं होतं तर सुरुवातीलाच हळू आवाजात घेतलं, आणि एक सर हसत म्हणाले, "अगं, मागे ऐकू येऊ दे की!" आता ठाण्याहून कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा, पाठांतर ट्रेनमध्येच होतं. आईचा प्रश्न सुटलाय, बाबांचा अजून तसाच आहे. फॉर्म भरणार असाल तर 6 नाटकांचे पुरावे आत्तापासून एका फाइलमध्ये ठेवा आणि ऑडिशनला जीन्स घालून जाऊ नका, जमिनीवर बसायला लावतातच.