शेवटचा माणूस बसेपर्यंत

सावंतवाडी ते जुने गोवे हे अंतर बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी असे धरले तर साधारण ७० किलोमीटर भरते. ३ डिसेंबरला सांव (संत) फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे सण, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची प्रार्थना. त्याच दिवसांत आम्ही यात्रेला चालत निघतो. तीन दिवसांत पोचायचे म्हणजे रोज २३-२४ किलोमीटर. पहाटे चारला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणत निघायचे आणि अकराच्या आत सावलीला टेकायचे, कारण तेव्हाही कोकणात दुपारचे ऊन चांगलेच भाजते. हमरस्त्यावर उजव्या कडेने, एकामागे एक चालायचे, म्हणजे येणारे वाहन समोरून दिसते. चमकणारी जाकिटे पहिल्याने आणि शेवटच्याने घालायचीच.

चाळीस जणांच्या तुकडीत सर्वांत जास्त चूक होते ती विश्रांतीत. पुढचे दमात चालतात, झाडाखाली बसतात, पाणी पितात. मागची वयस्कर बाई वीस मिनिटांनी पोचते आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "चला, सगळे आले." ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाई गाडीत बसते आणि आपणच कमी पडलो असे समजते. ती कमी पडलेली नसते, नेतृत्व कमी पडलेले असते. म्हणून आमच्याकडे पंधरा मिनिटे मोजायला सुरुवात होते ती शेवटचा माणूस बसल्यावर. आणि तुकडीचा प्रमुख पुढे क्रूस घेऊन चालत नाही, तो सर्वांत मागे असतो. मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधण्याचा लूककृत शुभवर्तमानातला दाखला आपण इतक्यांदा ऐकतो, पण वेग कोणाच्या पायांवर ठरवायचा, हा प्रश्न त्यातून आपल्याला क्वचितच पडतो.

संध्याकाळी मुक्कामावर कोमट पाण्याची घमेली मांडायची. पायांना फोड येतो तो ओलावा आणि घर्षण या दोन्हींमुळे, त्यामुळे नवे बूट नकोत आणि दुपारी मोजे बदलायचे. चालताना एखादी जागा चटका देऊ लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, मुक्कामाची वाट पाहायची नाही. फोडावरची कातडी सोलायची नाही. मधुमेह असेल तर फोडाला सुई लावायचीच नाही, त्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचे. पाय तपासायला प्रमुख स्वतः खाली बसतो, सोबत फादर असतील तर तेही. यात नाटक नको. लाजेने पाय मागे घेणारे लोक असतात, आणि बहुधा त्यांच्याच पायांची अवस्था सर्वांत वाईट असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्रही आधी नकोच म्हणाला होता. आपल्या पायांकडे कोणी वाकून पाहील, एवढी आपली किंमत आहे, हे काहींना इथे पहिल्यांदा जाणवते. बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांची प्रतिष्ठा समान, असे कॅनन लॉचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचा, २०८वा नियम सांगतो. ती समानता घमेल्यापाशी दिसली नाही तर कागदावर राहते.

वर्गणी बंद पाकिटात घ्यावी, नाव न लिहिता. ज्याच्याकडे नाही तो रिकामे पाकीट देतो आणि पेजेच्या पंगतीत सर्वांसारखाच बसतो. चाळीस माणसांना एका वेळच्या पेजेला चार-पाच किलो उकडा तांदूळ पुरतो. पाकिटे दोघांनी मिळून उघडायची आणि वहीत दोघांच्या सह्या हव्यात. एकाच विश्वासू माणसाकडे सगळे सोपवले की त्याच्यावर संशय घ्यायला जागा राहते, त्यामुळे हा नियम त्याच्याही रक्षणासाठी आहे. ठरावीक कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे (कॅनन लॉ, नियम १२६७) आणि भाविकांना त्यांच्या दानाचा हिशेब द्यावा (नियम १२८७), हे बिशपपासून आमच्यापर्यंत सर्वांना लागू आहे.

मुलांबाबत तडजोड नाही. मुक्कामावर कोणताही प्रौढ, मग तो फादर का असेना, दार लावून परक्या मुलासोबत एकटा थांबणार नाही. अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. चर्चची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवले, तर आपण मुलाऐवजी इमारत वाचवलेली असते. मेंढरांऐवजी स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांवर बायबलमधल्या यहेज्केलच्या ३४व्या अध्यायात देव किती संतापतो ते वाचावे.

तिसऱ्या पहाटे पणजीहून रायबंदरचा बांध लागतो, १६३३-३४ मध्ये बांधलेला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. इथे आम्ही गाणी थांबवतो. ज्या संताकडे निघालो आहोत, त्यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, मागितले होते. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, ते न्यायालय आले आणि मधला एक खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. त्यात भरडलेल्यांसाठी तेर्सचा एक दशक म्हणतो. हे लपवून संतावर प्रेम करता येत नाही.

जुन्या गोव्यात संताचे शरीर ठेवलेल्या बॉम जेझस चर्चच्या अंगणातही नियम तोच. पुढचे तासभर आधी पोचलेले असतात, रांग वाढत असते, तरी कोणी उठत नाही. मागचा माणूस येतो, चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसतो, पाणी पितो. मग घड्याळ लावायचे.