पेटी कुणाच्या घरची

श्रावणातल्या एका दुपारी, जेवण होऊन डोळा लागण्याच्या बेतात असताना, सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या माडीवरून नात खाली आली आणि तिने विचारले, "आजोबा, पेटी कशात येते?" तिच्या एका हातात शाळेचे पुस्तक होते आणि दुसऱ्या हातात गायनाच्या परीक्षेची वही. पुस्तकात पाश्चात्त्य वाद्यवृंदाची चार कुटुंबे रंगीत चित्रांसह दिली होती: तंतुवाद्ये, लाकडी फुंकवाद्ये, पितळी फुंकवाद्ये आणि आघातवाद्ये. वहीत तिच्या गुरुबाईंनी तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार शब्द लिहून दिले होते. दोन्हीकडे चारच, तेव्हा एकापुढे एक जोडले की काम झाले, असा तिचा सरळ हिशेब होता आणि तो दुसऱ्याच ओळीला बिघडला होता.

मी तिला आधी चित्रातला सॅक्सोफोन दाखवला. अंगाने अख्खा पितळेचा, पण बसला आहे क्लॅरिनेटच्या शेजारी, लाकडी कुटुंबात. अ‍ॅडॉल्फ साक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हाही तो धातूचाच होता; मात्र त्याच्या तोंडाशी बोरूच्या जातीची एक पातळ पट्टी असते, फुंकर घातली की ती थरथरते, आणि तेवढ्या नात्यावर त्याला त्या घरात जागा मिळाली. घरजावई म्हण, असे मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतले आणि मला ते पुसायला लावावे लागले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन या पितळी मंडळींत पट्टी नसते, वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात. त्या न्यायाने आमच्या देवघरातला शंख ट्रम्पेटचा भाऊबंद ठरतो, आणि दारी वाजणारी सनई, तिला दुपदरी जिव्हाळी असल्यामुळे, ओबोची मावसबहीण.

वहीतले चार शब्द भरताच्या नाट्यशास्त्रातले, आणि ती विभागणी मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती वाद्य कशाचे बनले आहे हे विचारतच नाही. थरथरते काय, एवढेच विचारते. तार (तत), हवा (सुषिर), ताणलेले कातडे (अवनद्ध), नाहीतर वाद्याचे घट्ट अंगच (घन). यात आपल्याकडचे म्हणून कौतुक करण्याचा भाग थोडा असेल, पण बराचसा नाही. बंगालचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट पाठवला. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात तो लावणाऱ्या माहियों यांनी जगभरच्या वाद्यांची जी चार खणांची मांडणी केली, तिचे या चार शब्दांशी असलेले नाते लपत नाही. पुढे १९१४ साली होर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांनी (हा साक्स वेगळा) तीच मांडणी वाढवली आणि अभ्यासक आजही ती वापरतात. मागाहून विजेच्या वाद्यांसाठी पाचवा खण करावा लागला. माझ्या डाव्या कानातले यंत्र मी त्यातच धरतो.

ही खणांत घालण्याची खोड मला लहानपणापासून आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरे नाचत असत आणि मी कडेला उभा राहून हलगी अवनद्ध, घुमके अवनद्ध, कैताळ घन, असे मनाशी लावत असे. हलगी शेकायला रस्त्याच्या कडेला पाचट पेटवीत, तेव्हा कातडे तापून ताणले की आवाज कसा चढतो हे पाहण्यातच माझी मिरवणूक पुढे निघून जाई. बेंजो पार्टीतला बेंजो हा खरे तर बेंजो नव्हेच. टाइपरायटरसारख्या कळा असलेले ते तंतुवाद्य १९१२ साली जपानमध्ये नागोयात तयार झाले, आणि आपल्याकडे येऊन ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. त्याला तत म्हणायला माझी हरकत नाही. मला खरा त्रास दिला तो गोंधळ्याच्या तुणतुण्याने. त्याची तार खालच्या कातड्यात अडकवलेली असते. मग ते तारेचे वाद्य की चामड्याचे? साक्स आणि त्यांच्या जोडीदाराने या जातीची वाद्ये छेडायच्या ढोलात घातली आणि नंतरच्या विद्वानांनी त्यावर वाद घातला, हे पुढे वाचले तेव्हा लहानपणीची एक रात्र फुकट गेली नाही, असे समाधान वाटले.

पेटीचे उत्तर मात्र सोपे आहे. भात्याच्या हवेने आतल्या पितळेच्या पट्ट्या वाजतात, तेव्हा ती सुषिर. नातीच्या पुस्तकातल्या चित्रात तिला कुठेच खुर्ची नाही, आणि खुर्ची आमच्या घरातही नव्हती. वडील भजनी मंडळात पेटी वाजवीत आणि आत्या तंबोऱ्यावर गात असे. पेटीने कान चपटा होतो, असे तिचे ठाम मत होते. वडील काही बोलले की ती म्हणे, "रेडिओवाल्यांनीसुद्धा दाराबाहेर ठेवलीय तिला." आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, त्यामुळे माझ्या सगळ्या बालपणात आत्याला या वाक्याचा आधार पुरला. १९७१ नंतर तिने रेडिओ ऐकणे कमी केले.

आत्या मला तंबोऱ्याच्या दुरुस्तीसाठी मिरजेला घेऊन जाई. सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात छताला भोपळे टांगलेले असत, मंगळवेढ्याकडून आलेले, काही माझ्याहून मोठे. स्पिरिटचा आणि लाखेचा वास नाकात बसे. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे, हे तिथेच कळले, आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवणारा म्हाताऱ्या चाचांचा हात पाहून ते खरेही वाटे. चाचा घोडीचा माथा केसभर घासत, तारेखाली सुताचा धागा सरकवत आणि तार छेडत. धागा पुढे, धागा मागे. कितीतरी वेळ तार नुसतीच वाजे, आणि एका जागी ती एकाएकी उघडे, म्हणजे तिच्यातून मधमाश्यांसारखा गुंजारव बाहेर पडे. हीच जवारी. चाचा मला विचारीत, "बोला मालक, कधी?" मी "आता!" म्हटले की ते हात थांबवीत. जवारी मीच लावतो अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

तिथेच आत्याने मला खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतला गांधार (ग) ऐकवला. तंबोऱ्यावर एरवी पंचम (प) आणि षड्ज (सा) हेच लावलेले असतात, गांधाराची तार नसते. पण जवारी नीट असली तर खर्जाच्या पोटातून वर कुठेतरी गांधार आपला आपण बोलतो. घरी आल्यावर तिने वडिलांना पेटीचा गांधार धरायला लावला. तो त्याहून चढा होता, अर्धस्वराच्या जेमतेम सातव्या हिश्श्याने, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात आणि तारेला ते मान्य नसते. वडिलांना फरक ऐकू आला नाही, किंवा आला तरी त्यांनी तसे म्हटले नाही.

हा फरक सांगलीला फार पूर्वीपासून छळत आला आहे. इथल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, डेप्युटी कलेक्टरीतून निवृत्त झाल्यावर, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक लिहिले. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमंट्स साहेब त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. ती कुणी फारशी वाजवली नाही. एक सरकारी अधिकारी आणि एक न्यायाधीश संध्याकाळी बसून गांधार कुठे आहे यावर डोके खाजवीत आहेत, हे चित्र मला मात्र फार आवडते.

वाद्यवृंदात सगळे ओबोच्या एका स्वरावर, सेकंदाला ४४० कंपनांच्या, पेटीच्या भाषेत पांढरी सहावर, वाद्ये जुळवतात, हे नातीने मला वाचून दाखवले. आत्याचा षड्ज काळी चार होता, आणि सर्दी झाली की पांढरी पाच. तंबोरा बिचारा तिच्यामागे उतरत असे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचले, त्या दिवशी कोपऱ्यातल्या तिच्या तंबोऱ्याची खोळ मी झटकली होती. नातीने पेटीचे विचारले त्या दुपारी ती काढलीच. जोडाच्या तारा गंजल्या आहेत, पंचमाची नाही, खर्जाची तेवढी शाबूत आहे आणि तिच्याखाली काळपट धागा अजून आहे. मी खुंटी थोडी पिळली, तार छेडली, धागा पुढेमागे सरकवला आणि नातीला विचारले, "सांग, कधी?" ती तारेकडे पाहत राहिली. यंत्र लावूनही मला स्वतःला काही कळत नव्हते. थोड्या वेळाने तिने विचारले, "हे परीक्षेत आहे का?" मी नाही म्हटले, आणि तिने वहीत पेटीसमोर सुषिर लिहिले.