मर्सियनचा चौथा महिना: पिलर निघाला, रंगही निघतोय

पिलर निघाला, म्हणजे माझ्या जुन्या मर्सियन सायकलच्या फ्रेममध्ये घट्ट अडकलेला सीटखालचा दांडा. २३ जूनला, संध्याकाळी साडेसहाला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. गेले तीन महिने ज्यांनी विचारून विचारून धीर दिला त्यांना आधी एवढंच सांगते, बाकीचं सविस्तर खाली लिहिलंय.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. ही फ्रेम मला इचलकरंजीत मिळाली. त्या घरातले काका सत्तरच्या दशकात लँकेशायरला वस्त्रोद्योगाचं शिक्षण घ्यायला गेले होते, येताना बोटीनं ही सायकल घेऊन आले. पुढे ती मागच्या शेडच्या भिंतीला टांगलेली राहिली आणि शेडच्या दारांना हिरवा ऑइल पेंट लागला तेव्हा उरलेला डबा हिच्यावरही फिरला. चाकं गेली, सीट फाटलं. पण कँपॅग्नोलो या इटालियन कंपनीचा न्युओव्हो रेकॉर्ड डिरेलर (गिअर बदलणारा भाग) जागेवर होता आणि त्यावर 'पेटंट ७२' हा शिक्का स्पष्ट होता. काकूंनी पैसे मोजून घेतले नाहीत, तसेच कपाटात ठेवले. म्हणाल्या, "आमचे हे दर रविवारी पुसायचे. तू पण पुसत जा." निघताना त्यांनी अल्बममधला एक फोटो मोबाइलवर काढू दिला. विटांच्या घरासमोर काका सायकल धरून उभे आहेत आणि तिरक्या नळीवर 'मर्सियन' ही अक्षरं वाचता येतात.

तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला असेल! मर्सियन म्हणजे इंग्लंडातल्या डर्बी गावचं दुकान, १९४६ पासूनचं. त्यांची ख्याती उघड्या भट्टीवरच्या झाळकामाची, म्हणजे पितळ वितळवून नळ्या जोडण्याची. हातातल्या टॉर्चनं एकेक कड तापवण्याऐवजी अख्खा सांधा विटांच्या भट्टीत गॅसच्या मोठ्या ज्योतीखाली ठेवतात. तो सगळीकडून सारखा लाल होतो, मग पितळ आपोआप लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) पोटात ओढलं जातं आणि नंतर तो सावकाश थंड होतो. २०२४ मध्ये दुकान बंद होतंय अशी बातमी आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. नंतर नवीन मालकांनी ते हाती घेतलं.

तर पिलर. सीट पिलर ॲल्युमिनियमचा, नळी स्टीलची. त्यात घाम आणि पावसाचं पाणी मुरलं की दोन धातूंच्या मध्ये पांढरी बुकटी धरते. ती जागा जास्त घेते, त्यामुळे पिलर पाचरीसारखा आवळला जातो. काकांची उंची बेताची, म्हणून पिलर पार खाली ढकललेला. वर दिसत होती फक्त २२.२ मिमीची बारीक मान, जिच्यावर सीटचा क्लॅम्प बसतो. खालचा जाड भाग किती मिमीचा आहे हे कळायला मार्गच नव्हता. आणि माझ्यासाठी अख्ख्या फ्रेमचा प्रश्न त्याच आकड्यात अडकला होता.

कारण असं. रेनॉल्ड्स ५३१ ही बर्मिंगहॅमची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी, १९३५ मध्ये आली. हे घराणं मुळात खिळे करणारं. १८९७ मध्ये त्यांनी बटेड नळीचं पेटंट घेतलं, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ. सांध्याशी झाळकामाची आच आणि जोर दोन्ही बसतात, तिथं धातू जास्त हवा. मध्ये तेवढ्या वजनाची गरज नसते. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी. वरच्या टोकाला भिंत ०.६ असेल तर आत २७.४ उरतात आणि २७.२ चा पिलर सुबक बसतो. नळी एकसारख्या जाडीची असेल तर पिलर २६ आणि वर काहीतरी निघतो. ५३१ चं स्टिकर कधीच गेलेलं. तेव्हा २७.२ निघाला तर आपल्या हातात चांगली नळी आहे, एवढा सरळ हिशोब.

तीन आठवडे रोज रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, फ्रेम उलटी टांगून खालूनही सोडलं. काही नाही. कॉस्टिक सोड्यानं ॲल्युमिनियम विरघळतं आणि स्टील राहतं हे खरं आहे, बऱ्याच जणांनी सुचवलंही होतं. पण तो ओघळला की रंगाचं वाटोळं, शिवाय डोळ्यांना धोका. हिरव्याखाली काय आहे ते अजून बघायचं होतं, म्हणून नको म्हटलं. शेवटी उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडे गेले. मी मनात धरलं होतं की मान वाइसमध्ये आवळायची आणि फ्रेम फिरवायची. मामांनी बी.बी. शेलमध्ये (पॅडलचा आस बसतो त्या आडव्या नळीत) टॉर्च मारला, बोट आत घालून फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ही पिळायची न्हाई. पिलर ऱ्हाईल आणि नळी पिळंल. आत बघा, पितळ कसं चारी बाजूनं सारखं फिरलंय. नळीची टोकंबी माशाच्या तोंडागत कापून एकमेकाला बसवल्यात. ह्ये हातानं केलेलं काम हाय." मी चार महिने ती फ्रेम बघत होते, पण शेलच्या आत बघायचं मला सुचलं नव्हतं. तिथं बाहेरून न दिसणारी, कुणी बघणार नाही अशी पितळेची एक बारीक कड आहे, गुजरीतल्या सोनारानं ओढल्यासारखी.

मग त्यांनी मान कापून टाकली आणि हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, पिलरच्या पोकळीत उभं घातलं. आतून बाहेरच्या दिशेनं, लांबीभर एक चीर. प्रत्येक दहा-बारा घासांनंतर थांबायचं आणि पात्यावरचा कीस बोटावर घेऊन बघायचा. पांढरा, मऊ कीस म्हणजे अजून ॲल्युमिनियम. करडा, बोटाला टोचणारा आला की थांबा, स्टील लागलं. आवाजही बदलतो. ॲल्युमिनियमवर पातं घुमतं, स्टीलवर किंचाळतं. पहिल्या चिरेला पाऊण तास लागला, दुसरी पहिलीच्या शेजारी, तिला अर्धा तास. मग दोन चिरांमधली पट्टी नाकाड्या पक्कडीनं आत वळवली तेव्हा 'कट्' असा एक आवाज आला आणि बाकीचा पिलर हातानं फिरला. बाहेर काढला, कापडानं पुसला. शिक्का मधोमध कापला गेलाय, पण २७ चा सात आणि त्यापुढचा .२ जसाच्या तसा आहे. मामांनी त्याच दिवशी नळीला हलक्या हातानं होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून दिलं. चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

तो तुकडा माझ्या टेबलावर आहे.

दोऱ्याची चाचणी दुसऱ्या दिवशी केली. जुनी फ्रेम घेणाऱ्या प्रत्येकानं ही करावी, खर्च शून्य. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधायचा, पुढे हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. माझं डावीकडे २६ मिमी, उजवीकडे २८. मामांनी लाकडी फळीनं अलगद ओढून अर्ध्या मिमीवर आणलं. स्टीलची फ्रेम म्हणून हे जमलं. मागची रुंदी १२० मिमीच आहे, पाच गिअरच्या काळची, ती तशीच ठेवणार. कुणी तरी सहा-सात गिअरसाठी १२६ करायला सुचवलं होतं. नको.

आता रंगाचं. इथं मला एक जुनी चूक सांगायची आहे, कारण तीच चूक करायला निघालेले दोन जण गेल्या महिन्यात भेटले. माझी पहिली जुनी फ्रेम मी एका पावडर कोटिंगवाल्याकडे दिली होती. त्यानं न विचारता वाळूचा मारा केला. परत आली ती चकचकीत, पण लगच्या सुरीसारख्या कडा बोथट झाल्या होत्या आणि शेलखालचा नंबर रंगानं भरून गेला होता. त्या फ्रेमचा कारागीर कोण हे आता कुणालाच सांगता येणार नाही. रंग पुन्हा देता येतो, पण कानसीनं काढलेली धार परत आणता येत नाही. तेव्हा देण्याआधी नंबरचा, लगचा, ड्रॉपआउटचा फोटो काढा आणि वाळू नको हे कागदावर लिहून द्या.

यावेळी मी रोज रात्री तळहाताएवढाच भाग घेतेय. आधी थिनरचा बोळा कोपऱ्यात अर्धा मिनिट, खालचा रंग उतरत नाही ना ते बघायचं, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हिरवा पापुद्रा उचलायचा. दारांचा ऑइल पेंट तसा बरा, पोपडे धरून निघतो. सीटच्या नळीवर मधोमध आले तेव्हा हिरव्याखालून क्रीम दिसला, दोन बोटं पुढे मरून, मग पुन्हा क्रीम, आणि हे पट्टे तिरके! न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या खांबासारखे फिरणारे पट्टे, मर्सियनची जुनी ओळख. मी रात्री अकरा वाजता आईला उठवून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, हे तर लोकरीच्या मफलरसारखं दिसतंय." खरंच तसंच दिसतं.

नवीन रंग देणार नाही. जिथं पत्रा उघडा आहे तिथं गंज काढून पारदर्शक लाखेचा हात, बस. नळ्यांच्या आत जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळीकडे फिरवली आणि दोन दिवस निथळत ठेवली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरच्यापेक्षा आतला गंज आधी खातो.

क्रँकबद्दल (पॅडलच्या दांड्याबद्दल) एक युक्ती, ही फाउंड्रीवाल्यांकडून मिळाली. न्युओव्हो रेकॉर्डच्या उजव्या क्रँकला, जिथं पाच फाट्या मूळ दांड्याला भेटतात त्या खाचेत, कालांतरानं तडा जातो. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. क्रँक स्वच्छ धुऊन रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि केसासारखी काळी रेघ उमटते. शिरोलीला कास्टिंग असंच तपासतात असं त्यांनी सांगितलं. माझा क्रँक पांढराच राहिला. तरी ती धारदार खाच बारीक कानसीनं थोडी गोल करून घेतली. आणि क्रँक काढायला खेचणी कँपॅग्नोलोचीच, २२ मिमी आट्यांची घ्या. फ्रेंच क्रँकचे आटे वेगळे, चुकीची खेचणी घातली की संपलं.

आट्यांचा विषय निघालाच आहे तर, बी.बी. इंग्लिश आहे: १.३७० इंच, इंचाला २४ आटे, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन फ्रेममध्ये ३६ मिमी आणि दोन्हीकडे सरळ आटे असतात, म्हणून पाना लावण्याआधी फ्रेम कुठली ते ठरवा. छर्रे नवीन घातले, कप मूळचेच.

सीटवर चप्पल लाइनीतल्या दादांनी मनापासून मेहनत घेतली. मूळ ब्रुक्स कंपनीच्या सीटचा सांगाडा आणि स्प्रिंगची तार चांगली, फक्त वरचं कातडं नाकापाशी फाटलेलं. दादांनी ते हातात घेऊन वाकवलं, वास घेतला आणि म्हणाले हे पण सालीतच कमावलेलं, आपल्यासारखंच. त्यांच्याकडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं जाड कातडं होतं. ते पाण्यात भिजवून, लाकडी साच्यावर ताणून, दोरीनं करकचून बांधून चार दिवस सावलीत वाळवलं. पहिला प्रयत्न फसला, मधे पन्हाळीसारखा खड्डा पडला. दुसरा छान बसलाय, तांब्याच्या रिव्हेट मारायच्या बाकी आहेत. त्यांनी बजावलं, चपलेला पाजतो तसं तेल याला पाजू नका, ढिलं पडेल. हे मला आधी कळलं असतं तर माझं दुसरं एक सीट वाचलं असतं.

चाकं अजून नाहीत. ७०० सी मापाची लावायचं ठरवलंय, कारण मूळ चाकं चिकटवायच्या टायरची होती आणि त्या रिम ७०० सीच्याच मापाच्या, ब्रेकची रबरं बरोबर जागी येतात. २७ इंची रिम ८ मिमीनं मोठी, म्हणजे रबरं ४ मिमी वर सरकवावी लागतात आणि माझ्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा उरत नाही.

पुढच्या नोंदीपर्यंत पट्ट्यांचा राहिलेला भाग आणि हेड ट्यूब उघडी करायची. तोवर कुणाकडे ३६ आऱ्यांचा, १२० मिमीचा मागचा रेकॉर्ड हब पडून असेल, बेअरिंगचे कोन चरे पडलेले असले तरी चालतील, तर कळवा. बदल्यात देण्यासाठी माझ्याकडे सिम्प्लेक्सचा पुढचा डिरेलर आणि वाइनमनचे सेंटरपुल ब्रेक आहेत, दोन्ही चालू. रविवारी सकाळी काकूंना पट्टे दाखवायला फ्रेम घेऊन इचलकरंजीला जातेय.