१३ बाइटचा प्रश्न आणि भलत्याच्याच दारात पडणारं उत्तर

क्वेक ३ या गेमचा सर्व्हर २७९६० या यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याची पद्धत) पोर्टवर ऐकतो. त्याला चार एफएफ (२५५ किमतीचे) बाइट आणि पुढे 'गेटस्टेटस' एवढंच पाठवलं, की तो सगळ्या सेटिंग्ज आणि खेळाडूंची यादी पाठवून देतो. प्रश्न १३ बाइटचा, उत्तर कित्येक शे बाइटचं. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने जानेवारी २०१४ च्या इशाऱ्यात क्वेकचा गुणक, म्हणजे उत्तर प्रश्नाच्या किती पट मोठं, ६३.९ दिला होता.

यूडीपीत आधी हात मिळवण्याचा टप्पाच नसतो. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असला तरी सर्व्हर त्याच पत्त्यावर उत्तर टाकतो. हल्लेखोर दुसऱ्याचा पत्ता लावून छोटे प्रश्न पाठवतो आणि मोठी उत्तरं त्या दुसऱ्यावर कोसळतात. म्हणून लॉगमध्ये एकाच आयपीवरून गेटस्टेटसचा भडिमार दिसला, तर तो आयपी बहुतेक वेळा हल्लेखोराचा नसून ज्याच्यावर हल्ला चाललाय त्याचा असतो. त्याच्याविरुद्ध तक्रार करू नका. तो आधीच मार खातोय. उत्तरं थांबवा.

सर्वात आधी इंजिन बदला. मूळ क्वेक ३ मध्ये या प्रश्नांवर मर्यादा नाही, त्याच्याच खुल्या कोडवरून बनलेल्या आयओक्वेक३ मध्ये आहे: एका पत्त्याला सुरुवातीला १० उत्तरं, नंतर सेकंदाला एक, आणि सगळ्या पत्त्यांना मिळून सेकंदाला साधारण १०. ही दुसरी मर्यादा जास्त मोलाची, कारण हल्लेखोर एका आयपीऐवजी पूर्ण सबनेटवर (लागून असलेल्या पत्त्यांच्या गटावर) मारा पसरवतो आणि पत्त्यागणिक मोजणी तिथे फसते. भडिमार चालू असेपर्यंत खरा प्रश्नही अनुत्तरित राहून सर्व्हर यादीतून गायब होऊ शकतो. खेळ मात्र चालू राहतो, कारण जोडलेल्या खेळाडूंची पॅकेट चार एफएफने सुरू होत नाहीत. हा सौदा मला मान्य आहे.

आत येणारा लोंढा यानं थांबत नाही. त्यासाठी लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये पोर्ट आणि 'गेटस्टेटस' ही अक्षरं जुळवून हॅशलिमिट (पत्त्यांनुसार वेगमर्यादा) लावा, सोर्स मास्क २४ ठेवा, म्हणजे शेजारचे २५६ पत्ते एकत्र मोजले जातील. नियम रॉ टेबलच्या प्रीराउटिंगमध्येच, म्हणजे पॅकेट आल्याआल्या तपासणाऱ्या टप्प्यात हवा. इनपुट या नंतरच्या टप्प्यात लावला तर पॅकेट टाकून देण्याआधीच प्रत्येक खोट्या पत्त्यासाठी कनेक्शन ट्रॅकिंगचं (कोणाशी जोडणी चालू आहे याचा हिशोब) काम फुकट करावं लागतं.

कॉन्फिग फाइलमधल्या 'सेट्स'च्या ओळीही छाटा. अ‍ॅडमिनचं नाव, वेबसाइट, रंगीत घोषणा, हे सगळं प्रत्येक उत्तरात जातं.

पण मर्यादा घालणं म्हणजे ठिगळच. असे हजारो सर्व्हर वापरले, तर प्रत्येकाकडून सेकंदाला एकच उत्तर घेऊनही मारा उभा राहतो. खरा उपाय व्हॉल्व्ह या गेम कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सोर्स इंजिनवरच्या गेम सर्व्हरच्या माहितीप्रश्नाला लावला. २५ बाइटच्या प्रश्नाला आता आधी ९ बाइटचं चॅलेंज मिळतं. त्यातले चार बाइट परत आणून दाखवले तरच माहिती मिळते. खोट्या पत्त्यामागे लपलेल्याला ते चॅलेंज दिसतच नाही, आणि ज्याच्यावर नेम धरलाय त्याच्याकडे प्रश्नापेक्षा लहान पॅकेट जातं. स्वतःचा गेम सर्व्हर लिहीत असाल तर पहिल्या दिवसापासून हेच करा: पत्ता पटेपर्यंत उत्तर प्रश्नापेक्षा मोठं नको.

बदलानंतर बाहेरच्या नेटवर्कवरून स्वतःच्या सर्व्हरला सेकंदाला २० गेटस्टेटस पाठवा आणि सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून जाणारी उत्तरं मोजा. पहिल्या काही उत्तरांनंतर सेकंदाला एकापेक्षा जास्त जाताना दिसली, तर सर्व्हरची जुनीच बायनरी (प्रोग्रामची फाइल) चालू आहे का ते बघा.